फिरत्या घराला उपग्रह कसा सापडतो?

एखाद्या उंच गच्चीवर जा आणि आजूबाजूच्या घरांवरील डिश अँटेना जरा नीट निरखून पाहा. एकाच कंपनीच्या साऱ्या डिश कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे एकाच दिशेला तोंड करून असतात. उदाहरणार्थ, दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ सेवेचे कार्यक्रम २०१५ साली सोडलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या माथ्यावर आहे. त्यामुळे पुण्यातील प्रत्येक ‘फ्री डिश’ आग्नेयेकडे पाहते आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वरच्या बिंदूवर तिची नजर खिळलेली असते. कारागीर एकदा येतो, डिश लावतो, नट आवळतो आणि निघून जातो. घर जागचे हलत नाही, उपग्रहही आकाशात हललेला दिसत नाही. मग डिश तरी कशाला हलवायची?

पण घरच चालू लागले तर?

अमेरिकेत आणि कॅनडात अशी चालणारी घरे पुष्कळ आहेत. झोपायची जागा, शेगडी, न्हाणीघर असे सारे काही ज्यात आहे अशी मोठी मोटार किंवा मोटारीमागे ओढायची खोली घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे महिनोन्‌महिने भटकंती करतात. तिकडे या वाहनाला ‘आरव्ही’ म्हणतात. आपण त्याला मोटारघर म्हणू. आज समुद्रकाठी मुक्काम, पुढच्या आठवड्यात डोंगरात, त्याच्या पुढे दाट अरण्यात. अशा घरातल्या लोकांना उपग्रहावरून दूरचित्रवाणी पाहायची असेल तर त्यांनी कोणते साधन घ्यावे? दुकानात अनेक प्रकार असतात आणि त्यांच्या किमतीही भारी असतात. निवड चुकली तर पैसे खर्चूनही पडदा कोराच राहतो. हे कोडे सोडवायला आपल्याला थोडा भूगोल, थोडी भूमिती आणि थोडे पदार्थविज्ञान लागेल. ते सारे तुम्ही शाळेत शिकतच आहात.

आकाशातला खुंटा

विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडे फिरणाऱ्या उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी घ्यायला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून तो आपल्याला आकाशात खुंट्याला बांधल्यासारखा एकाच जागी दिसतो. यालाच भूस्थिर उपग्रह म्हणतात. अशा तीन उपग्रहांच्या साहाय्याने जवळजवळ सगळ्या जगाशी संपर्क साधता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ सालीच मांडली होती.

उपग्रह हलत नाही, पण आपण हललो की तो आकाशात वेगळ्या जागी दिसतो. रस्त्यावरचा दिवा जवळून पाहताना मान उंच करावी लागते आणि दूर गेल्यावर तोच दिवा खाली आलेला दिसतो, तसेच हे आहे. आपण विषुववृत्तापासून उत्तरेकडे जितके दूर जाऊ, तितका उपग्रह दक्षिण क्षितिजाकडे झुकत जातो. क्षितिजापासून त्याची उंची अंशांत मोजली की तिला उन्नतांश म्हणतात आणि तो कोणत्या दिशेला आहे हे सांगणाऱ्या कोनाला दिगंश म्हणतात.

अमेरिकेतील ‘डायरेकटीव्ही’ या सेवेचा एक प्रमुख थांबा १०१ अंश पश्चिम रेखांशावर आहे. समजा, तुम्ही मोटारघर घेऊन तीन ठिकाणी गेलात. गणित केले तर पुढील उत्तरे मिळतात.

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचे की वेस्ट: उन्नतांश सुमारे ५४ अंश, दिशा नैर्ऋत्य.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान: उन्नतांश सुमारे ३८ अंश, दिशा दक्षिण, किंचित पूर्वेकडे.

अलास्कातील फेअरबँक्स: उन्नतांश सुमारे ८ अंश, दिशा आग्नेय.

पाहिलेत? उपग्रह तोच, पण की वेस्टला तो आकाशात चांगला वर आहे आणि फेअरबँक्सला जवळजवळ क्षितिजाला टेकला आहे. आपले साधन कसे असावे हे पुष्कळ अंशी या तीन आकड्यांनी ठरणार आहे.

डिश लहान कशी झाली?

आपल्या देशात उपग्रह दूरचित्रवाणीचा पहिला मोठा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झाला. ‘साइट’ या नावाने तो ओळखला जातो. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. तेथे लावलेल्या डिश तीन मीटर व्यासाच्या होत्या आणि त्या कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या बनवल्या होत्या. असली डिश घेऊन भटकायचे म्हणजे मोटारघरामागे आणखी एक गाडी लागली असती!

पुढे १९९४ साली अमेरिकेत डायरेकटीव्हीची सेवा सुरू झाली, तेव्हा तिची डिश अवघी ४५ सेंटिमीटरांची होती. हा चमत्कार कसा झाला? एक कारण म्हणजे लहान डिशसाठी खास योजलेले प्रबळ उपग्रह. दुसरे कारण म्हणजे तरंगलांबी. ‘साइट’चे तरंग सुमारे ८६० मेगाहर्ट्झ कंप्रतेचे, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीचे होते. आताच्या या सेवेचे तरंग १२ गिगाहर्ट्झच्या थोडे वर आहेत आणि त्यांची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर भरते. डिशचा आकार अन्वस्ताचा असल्यामुळे समोरून येणारे तरंग परावर्तित होऊन नाभीशी एकवटतात. हे काम किती नेमके होणार हे डिशचा व्यास तरंगलांबीच्या किती पट आहे यावर अवलंबून असते. तरंग आखूड झाले की लहान डिशही नेमकी ‘नजर’ ठेवू शकते. जाळीचेही असेच आहे. ३५ सेंटिमीटरांच्या तरंगाला जाळीची भोके जाणवतच नाहीत, पण अडीच सेंटिमीटरांच्या तरंगासाठी बहुधा सलग पत्राच वापरतात.

या नजरेची रुंदी काढण्याचा एक ठोकताळा आहे. तरंगलांबीला डिशच्या व्यासाने भागा आणि ७० ने गुणा, की उत्तर अंशांत मिळते. ४५ सेंटिमीटरांच्या डिशसाठी ते पावणेचार अंशांच्या आसपास येते. याचा अर्थ असा की डिशचे तोंड दोन अंशांनी इकडे किंवा तिकडे सरकले तर मिळणारी शक्ती निम्म्यावर येते. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर तिची रुंदी सुमारे एक अंश दिसते. म्हणजे दोन करंगळ्यांएवढी चूक झाली की काम बिघडलेच म्हणायचे.

शिवाय मुळात मिळणारी शक्ती तरी किती? एका वॉटचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातील सुमारे एक भाग, एवढीच. म्हणून तर नाभीपाशी बसवलेला एलएनबी हा भाग तो क्षीण संकेत प्रथम वाढवतो, मग त्याची कंप्रता उतरवून सुमारे एक गिगाहर्ट्झवर आणतो आणि केबलमधून आत पाठवतो.

सावली की चित्र?

आता खरी अडचण पाहू. प्रवासी लोकांना मुक्कामासाठी कोणती जागा आवडते? अर्थातच झाडाखालची. उन्हाळ्यात मोटारघर तापू नये म्हणून जो तो सावली शोधतो. पण या आखूड तरंगांना पाने आणि फांद्या अडवतात. पाने ओली असली तर विचारायलाच नको, कारण पाणी हे तरंग शोषून घेते. घराला सावली हवी आणि डिशला मोकळे आकाश हवे! या दोन गरजांचा मेळ कसा घालायचा, हाच साधन निवडण्यातला मुख्य प्रश्न आहे.

समजा, उपग्रहाच्या दिशेला २० मीटर उंचीचे पाइनचे झाड उभे आहे. डिश त्याच्यापासून किती अंतरावर ठेवली म्हणजे उपग्रह झाडाच्या शेंड्यावरून दिसेल? झाडाची उंची भागिले उन्नतांशाचा टॅन, एवढे सोपे गणित आहे. की वेस्टला उत्तर येते १४.५ मीटर. यलोस्टोनला येते सुमारे २६ मीटर. आणि फेअरबँक्सला? तब्बल १४२ मीटर! तेथे झाडच काय, जवळची टेकडीसुद्धा आड येऊ शकते. त्यातच कमी उन्नतांशामुळे तरंगांना पावसाळी ढगांच्या थरातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो. ८ अंशांना हा प्रवास सरळ उभ्या वाटेच्या सुमारे सात पट भरतो. अलास्कात घरांवरसुद्धा मोठ्या डिश लावाव्या लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

चार प्रकारची साधने

दुकानात मिळणारी साधने ढोबळमानाने चार प्रकारची असतात. मघाचे आकडे हाताशी ठेवून आपण ती तपासू.

पहिला प्रकार म्हणजे टपावरची हाताने फिरवायची डिश. आतून दांडा फिरवला की ती उभी राहते आणि वळते. ती स्वस्त आणि बळकट असते. मात्र गाडी चार अंशांनी कललेली असेल तर डिशही तितकीच कलते आणि दांड्यावरचे आकडे निरुपयोगी ठरतात. म्हणून आधी पाणसळ लावून गाडी समपातळीत आणावी लागते.

दुसरा प्रकार म्हणजे टपावरचा आपोआप शोधणारा घुमट. प्लास्टिकच्या घुमटाखाली लहानशी डिश आणि मोटरी असतात. कळ दाबली की डिश आकाश चाळू लागते, संकेत सापडला की त्यातील ओळखीच्या खुणेवरून हा हवा तोच उपग्रह आहे की दुसरा, हे ताडून पाहते आणि मग स्थिरावते. काही महागडे घुमट गाडी चालू असतानाही उपग्रहाचा माग ठेवतात. रोज मुक्काम हलवणाऱ्यांना हा प्रकार फार सोयीचा, कारण भर पावसातही बाहेर जावे लागत नाही. पण घुमटात मावणारी डिश लहान असते. व्यास ४५ वरून ३५ सेंटिमीटरांवर आला तर क्षेत्रफळ साठ टक्क्यांवर येते आणि संकेतही तितकाच घटतो. जोराच्या पावसात अशी डिश लवकर हार मानते. आणि मुख्य म्हणजे घुमट टपाला पक्का बसवलेला असल्यामुळे गाडी सावलीत, तर तोही सावलीत!

तिसरा प्रकार म्हणजे उचलून नेण्याचा घुमट. रचना तीच, पण तो जमिनीवर ठेवता येतो आणि केबलने गाडीला जोडता येतो.

चौथा प्रकार म्हणजे तिपाईवरची साधी डिश. ही घरावरच्या डिशइतकीच मोठी असते, म्हणून संकेत चांगला मिळतो आणि किंमतही कमी पडते. मात्र तिपाई समपातळीत आणणे, उन्नतांश लावणे, हळूहळू फिरवत दिशा शोधणे, हे सारे दर मुक्कामाला हातानेच करावे लागते. सराव नसेल तर अर्धा तासही जातो. वाऱ्याने ती कलंडू नये म्हणून वजन बांधावे लागते. होकायंत्र वापरताना आणखी एक सावधगिरी लागते. महाराष्ट्रात चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून एक अंशाहूनही कमी ढळते, पण अलास्कात ती दहा अंशांहून अधिक पूर्वेकडे ढळते. दोन करंगळ्यांची मुभा असलेल्या डिशसाठी ही चूक केवढी मोठी!

आता यलोस्टोनचे उदाहरण पुन्हा घ्या. गाडी झाडांच्या सावलीत उभी करा, तिपाई झाडांच्या उत्तरेला मोकळ्या जागेत २६ मीटरांहून थोडी दूर ठेवा आणि ३० मीटर केबलने दोघांना जोडा. इतक्या लांब केबलमध्ये संकेत साधारण चौथाईवर येतो, पण एलएनबीने तो आधीच पुष्कळ वाढवलेला असल्यामुळे काम भागते. घराला सावली मिळाली आणि डिशला आकाशही मिळाले! फेअरबँक्सला मात्र १४२ मीटर केबल ओढत बसण्यापेक्षा मुक्कामाची जागाच बदललेली बरी.

एक उपग्रह की अनेक?

निवडीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ती म्हणजे आपल्याला हव्या त्या वाहिन्या किती उपग्रहांवरून येतात. डायरेकटीव्हीच्या उच्च-स्पष्टतेच्या बहुतेक वाहिन्या ९९ आणि १०३ अंश पश्चिमेच्या उपग्रहांवरून, सुमारे २० गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात. त्या घेण्यासाठी मोठी, लंबगोल डिश आणि वेगवेगळ्या दिशांचे संकेत टिपणारी अनेक तोंडे लागतात. लहान घुमटांना हे जमत नाही. ‘डिश नेटवर्क’ या दुसऱ्या सेवेच्या पश्चिमेकडील उपग्रहांचा संच ११०, ११९ आणि १२९ अंशांवर आहे. तिच्या उच्च-स्पष्टतेच्या वाहिन्या १२ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात येत असल्यामुळे घुमट चालतो. पण लहान घुमट एका वेळी एकाच उपग्रहाकडे पाहतो. घरात दोन संच असतील आणि ताईला एका उपग्रहावरची, तर दादाला दुसऱ्या उपग्रहावरची वाहिनी हवी असेल, तर भांडण ठरलेलेच! म्हणून आधी सेवा निवडावी आणि मग तिला जुळणारे साधन घ्यावे. उलटा क्रम महागात पडतो.

स्थानिक वाहिन्यांची गोष्ट तर आणखी मजेची आहे. उपग्रह त्यांचे संकेत साऱ्या देशावर न पसरता ठरावीक प्रदेशापुरत्या अरुंद झोतातून पाठवतो. गाडी त्या झोताबाहेर गेली की डिश अगदी अचूक लावलेली असली तरी घराकडच्या बातम्या बंद होतात. अशा वेळी टपावरचा साधा अँटेनाच उपयोगी पडतो, कारण जवळच्या मनोऱ्यांवरून येणाऱ्या वाहिन्या अमेरिकेत फुकट मिळतात.

विजेचाही हिशेब मांडावा लागतो. समजा, संच आणि ग्राहकयंत्र मिळून ८० वॉट लागतात आणि १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची आहे. म्हणजे हाताशी ६०० वॉट-तास आले. त्यात साडेसात तास कार्यक्रम पाहता येतील. अरण्यात वीज नसेल तर हे लक्षात ठेवलेच पाहिजे.

अलीकडे यात नवा पर्यायही आला आहे. २०२२ पासून ‘स्टारलिंक’ने मोटारघरांसाठी इंटरनेट सेवा देऊ केली आणि अनेक प्रवासी आता त्यावरूनच कार्यक्रम पाहतात. तिचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून भराभर पुढे सरकतात. त्यामुळे तिच्या सपाट अँटेनाला एक बिंदू नव्हे, तर आकाशाचा मोठा मोकळा तुकडा लागतो. दाट झाडी तिलाही नकोच असते!

तर मग कोणते साधन चांगले? दुकानदाराला हे विचारण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मी कोणत्या अक्षांशांत, कसल्या झाडीत जाणार? मुक्काम रोज हलवणार की पंधरा दिवसांनी? आणि मला कोणत्या वाहिन्या हव्यात? मोकळ्या माळावर रोज नवा मुक्काम करणाऱ्याला टपावरचा घुमट शोभतो. अरण्यात आठवडाभर राहणाऱ्याला तिपाई आणि लांब केबल बरी. उत्तर प्रवासावर अवलंबून आहे, म्हणून शेजाऱ्याचे साधन पाहून आपले घेणे शहाणपणाचे नाही.

करून पाहा

हात पुढे ताठ धरून मूठ वळा. तिची रुंदी सुमारे दहा अंश भरते. क्षितिजापासून मुठीवर मूठ ठेवत गेलात तर यलोस्टोनचा उपग्रह चार मुठींच्या जरा खाली आणि पुण्यातला सहा मुठींच्या जरा खाली येईल. अनुभवी प्रवासी गाडी उभी करण्यापूर्वी अशीच मुठींनी झाडे मोजू शकतो.

आता कोनमापकाला दोरा आणि खडा बांधून ओळंबा तयार करा आणि शाळेच्या आवारातील एका झाडाच्या शेंड्याचा उन्नतांश मोजा. झाडापासूनचे अंतर मोजून त्याची उंची काढा. ‘फ्री डिश’ त्या झाडाच्या वायव्येला ठेवायची असेल तर किमान किती अंतर सोडावे लागेल? झाड २० मीटर उंच असेल तर पुण्यात हे अंतर १२ मीटर येते. तुमचे उत्तर पडताळून पाहा. मात्र डिशच्या पत्र्याचा कोन मोजून उन्नतांश काढू नका. घरगुती डिशची नाभी मुद्दाम एका बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे डिश खरोखर पाहते त्यापेक्षा बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते.

आणि शेवटी एक प्रश्न. हेच मोटारघर घेऊन तुम्ही ऑस्ट्रेलियातील मेलबर्नला गेलात, तर डिशचे तोंड उत्तरेला कराल की दक्षिणेला? पृथ्वीचा गोल समोर ठेवा आणि विषुववृत्तावर बोट टेकवा. उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.